नायटा, इसब आणि आइन्स्टाइन

मराठी भाषा किती श्रीमंत आहे हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी शब्दकोश उघडण्याच्या भानगडीत पडू नये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरच्या एस.टी. स्टँडवर तासभर बसावे. पहिला पाऊस पडून गेलेला असतो, उकाडा गेलेला नसतो, उदगीरची गाडी आलेली नसते, आणि बाकावरचा प्रत्येक माणूस आपापल्या परीने कुठे ना कुठे खाजवत असतो. कुणाला घामोळे, कुणाला नायटा, कुणाला खरूज, कुणाला इसब. कुणाच्या अंगावर पित्त उठलेले, तर कुणाच्या पायाच्या बोटांत चिखल्या. कुण्या रसिक पूर्वजाने तर नायट्याच्या चट्ट्यात थेट हत्तीचा कान पाहिला आणि त्याला 'गजकर्ण' म्हणून मोकळा झाला. ज्या समाजाला खाजवता खाजवता उपमा सुचते, त्या समाजाच्या वाङ्मयाची काळजी करण्याचे कारण नाही.

एवढे शब्द असूनही खाज ही गोष्ट आपल्याकडे आजार या पदाला कधी पोचलीच नाही. हार्टॲटॅक येऊन गेलेला गृहस्थ तो केवढा मोठा होता हे चारचौघांत रंगवून सांगतो. मधुमेहवाला 'मला बिनसाखरेचा' म्हणताना थोडा ताठ बसतो. पण 'गेली अकरा वर्षे माझ्या मांडीला नायटा आहे' असे लग्नाच्या पंगतीत कुणी जाहीर केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. खाज सुटलेल्या माणसाला भेटायला कुणी मोसंबी घेऊन येत नाही. आपली भाषाच त्याच्या विरुद्ध उभी आहे. भांडखोराच्या अंगात खाज असते, नसती उठाठेव करणारा खाजवून खरूज काढतो. ज्या दुखण्याची शिवी होते, ते दुखणे माणूस बाहीखाली लपवतो. आणि लपवलेल्या गोष्टींचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही.

मला या इतिहासाची गोडी लागली ती आमच्या आत्यामुळे. आत्या जुन्या नांदेडात राहायची, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर. तिच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर लालसर चट्टे होते, त्यांवर चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे येत. खाज अशी की रात्री पलंग करकरायचा. आज त्याला सोरायसिस म्हणतात आणि तो स्पर्शाने पसरत नाही हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. त्या काळी घरात त्याला 'आत्याचं ते' एवढेच नाव होते. 'त्या'च्यामुळे आत्याचा तांब्या वेगळा, पंचा वाळत घालायची दोरी वेगळी, आणि सणावाराला पुरणाला तिने हात लावायचा नाही. नांदेडच्या मे महिन्यात, जेव्हा माणसे अंगावर पंचासुद्धा नको म्हणतात, तेव्हा आत्या मनगटापर्यंत बाहीचे पोलके घालून पोळ्या भाजणाऱ्यांकडे लांबून पाहत बसायची.

तिच्यावर इलाज झाले नाहीत असे नाही. आपल्याकडे इलाजांचा तोटा कधीच नव्हता. चरकसंहितेत त्वचेच्या विकारांचे अठरा प्रकार मोजले आहेत, आणि खाज घालवणाऱ्या दहा वनस्पतींचा 'कंडूघ्न' नावाचा एक स्वतंत्र गट दिला आहे. त्यात चंदन आहे, कडुनिंब आहे, करंज, बहावा, कुडा, मोहरी, ज्येष्ठमध, दारुहळद आणि नागरमोथाही आहे. शिवाय पावसाळ्यात आपल्या बांधावर बेवारशासारखा माजणारा तरोटा, ज्याला पुण्या-मुंबईकडे टाकळा म्हणतात, त्याचे संस्कृत नावच 'दद्रुघ्न', म्हणजे नायटा मारणारा. आत्याने हे सगळे आलटून पालटून लावले. त्या दिवसांत ती अंगणातून गेली की एखादी लहानशी वनराई चालत गेल्याचा वास यायचा.

शेवटी कुणीतरी उनकेश्वर सुचवले. नांदेड जिल्ह्यातच, किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींना त्वचारोगाने ग्रासले, तेव्हा प्रभू रामचंद्रांनी जमिनीत बाण मारून त्यांच्यासाठी हे ऊन पाणी काढले, अशी कथा तिथे सांगतात. १९६६ साली मी दहा वर्षांचा होतो. आत्याबरोबर एक पुरुष माणूस हवा म्हणून मला पाठवण्यात आले. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी मीटरगेजची गाडी त्या काळी इतक्या सावकाश जायची की खाली उतरून सीताफळे तोडून परत चढता येत असे. कुंडापाशी पोचलो आणि आत्याने इकडेतिकडे पाहून बाह्या वर केल्या. तिथे सगळेच बाह्या वर केलेले. कुणी कुणाकडे बघत नव्हते, कारण प्रत्येकाला आपले पुरेसे होते. चार दिवस आत्या खळखळून हसायची. पापुद्रे पाण्याने मऊ पडले, खाज कमी झाली, आणि नांदेडला परतल्यावर महिनाभरात 'ते' परत आले. तांब्याही परत वेगळा झाला.

उनकेश्वरला हसण्याचे कारण नाही. तिथले पाणी गंधकाचे म्हणून प्रसिद्ध आहे, आणि गंधकाचे मलम खरजेवर आजही डॉक्टर देतात. पण आत्याला खरूज नव्हती. रामाचा बाण असला तरी तो कुठल्या लक्ष्यावर सोडायचा हे आधी कळावे लागते.

हा घोटाळा एकट्या मराठवाड्याचा नव्हे. फ्रेंच राज्यक्रांतीतला तो जहाल मारा, त्याला असाच एक खाजरा त्वचारोग होता. आराम पडावा म्हणून तो तासन्‌तास औषधी पाण्याच्या टबात बसून असे, तिथेच आडवी फळी टाकून लेख खरडत असे, आणि १३ जुलै १७९३ रोजी टबातच त्याचा खून झाला. मारा लातूरला जन्मला असता तर वाचला असता. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी दहा वॅगनांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा लोक तिला हार घालायला स्टेशनवर गेले होते. अशा गावात टबात बसून लेख लिहिणाऱ्याला खुनाआधी शेजाऱ्यांनीच बाहेर काढला असता. विनोद सोडला, तर पाणी तुटले की अंघोळी तुटतात, कपडे-पांघरुणे धुणे लांबते, आणि त्वचेच्या तक्रारी वाढतात हे खरेच आहे.

खरजेची गोष्ट तर याहून गमतीची. खरूज एका बारीक किड्याने होते हे जिओव्हानी बोनोमो नावाच्या इटालियन डॉक्टराने १६८७ साली, एका औषधविक्या मित्राच्या मदतीने, सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहिले. मूळ सुगावा त्यांना कुठे लागला? गरीब बायका टाचणीच्या टोकाने पोरांच्या अंगातून काहीतरी काढतात आणि कैदी एकमेकांच्या अंगातून काढतात, तिथे. म्हणजे जे आयांना ठाऊक होते ते विद्वानांना कळले. पण विद्वान ते लगेच मान्य करतील तर विद्वान कसले? पुढे सव्वाशे वर्षे वाद घालून झाल्यावर १८१२ साली पॅरिसमध्ये गालेस नावाच्या तरुणाने तो किडा थाटात दाखवला. वाहवा झाली. मग लक्षात आले की त्याने चित्र काढलेला किडा माणसाच्या अंगातला नसून चीजमधला आहे. अखेर १८३४ साली कॉर्सिका बेटावरून आलेल्या रनुची नावाच्या विद्यार्थ्याने, आपल्या गावच्या बायका करतात तसेच सुईने, सगळ्यांसमोर खरा किडा काढून दाखवला. दोन्ही वेळा शोध लावला बायकांनी, आणि दोन्ही वेळा नाव झाले टाचणी उसनी घेणाऱ्याचे.

आपल्याकडे विसाव्या शतकात एस.टी. स्टँडच्या भिंतींनी हा विषय हाती घेतला. एका औषधाचे नावच 'जालीम लोशन' होते, आणि ते नावाला जागत असे. लावल्याबरोबर अशी आग व्हायची की खाज ही किरकोळ बाब वाटू लागे. १९५२ साली अमेरिकेत हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचेवर वापरल्याचे प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या इसबवाल्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. इसबाला, सोरायसिसला योग्य मापात स्टेरॉइड म्हणजे मोठा आधार. पण ही जात नायट्यावर लावली की मोठी फसवणूक होते. खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आणि आत बुरशी निवांत संसार मांडते.

आपण नेमके तेच केले. मांडीचा नायटा डॉक्टरला दाखवायची लाज, म्हणून दुकानदाराच्या कानात कुजबुजून ट्यूब मागायची. तोही कुजबुजत स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक असे तिन्ही एकत्र घातलेले मलम द्यायचा. सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, पण तोवर देशभर नायट्याची अशी साथ पसरली होती की वर्षानुवर्षे चालत आलेल्या गोळ्या त्याला लागू पडेनात. या हट्टी बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए' असे नाव दिले. आता ती युरोप-अमेरिकेतही सापडते. शून्य आपण जगाला दिले, योग दिला, आणि आता नायटाही दिला. फरक एवढाच की याचे श्रेय घ्यायला कुणी पुढे येत नाही.

आता उजेडाकडे वळू. त्वचेवर उजेडाचा इलाज हाही आपल्याकडे जुनाच. कोडावर बावचीचे बी लावायचे आणि उन्हात बसायचे, ही आयुर्वेदातली रीत. बावचीचे लॅटिन नाव सोरालिया, त्यावरून तिच्यातल्या गुणकारी द्रव्याला सोरालेन म्हणतात. इजिप्तमध्येही अशीच एक वनस्पती वापरात होती. तिथल्या अल् मोफ्ती या डॉक्टराने १९४०च्या दशकात तिच्यातले द्रव्य काढून कोडावर वापरले. १९७४ साली अमेरिकेतल्या हार्वर्डच्या डॉक्टरांनी तेच द्रव्य गोळीने देऊन, मग खास दिव्याखाली बसवून, सोरायसिस आटोक्यात आणून दाखवला. त्या निबंधाच्या चार लेखकांत एक नाव भारतीय वंशाच्या मधु पाठकांचे आहे. आत्या तेव्हा जिवंत होती आणि त्या साली ती कडुनिंबाचा लेप लावत होती.

नुसत्या उजेडाला पहिला मान मिळवून दिला तो डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने. हा गृहस्थ स्वत: कायमचा आजारी. खिडकीतून पाहताना त्याला दिसले, की छपरावरची मांजर सावली सरकेल तशी उन्हाकडे सरकते आहे. आपल्यापैकी कुणी पाहिले असते तर 'शुक् शुक्' केले असते. फिन्सेनने विचार केला, आणि पुढे कार्बनच्या प्रखर दिव्याने त्वचेच्या क्षयावर इलाज सुरू केला. १९०३ साली त्याला नोबेल मिळाले, पुढच्याच वर्षी तो गेला. नोबेलची रक्कम मांजरीला थोडीफार पोचायला हवी होती.

आणि आता लेझर. लेझरचे बीज आइन्स्टाइनने १९१७ साली कागदावर पेरले. उगवायला त्रेचाळीस वर्षे लागली. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य जन्माला आले आणि १६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात थिओडोर मेमनने माणकाच्या एका छोट्या कांडीभोवती फोटोग्राफरच्या फ्लॅशसारखा दिवा गुंडाळून पहिला लेझर पेटवला. म्हणजे लेझर आपल्या राज्यापेक्षा पंधरा दिवसांनी धाकटा. दोघांची प्रगती ताडून पाहण्याचा मोह मी आवरतो.

साधा उजेड आणि लेझर यांत फरक काय? नांदेडच्या वजिराबादेतली संध्याकाळची गर्दी पाहा. माणसे भरपूर, पण प्रत्येकाची दिशा वेगळी, चाल वेगळी. हा झाला दिव्याचा उजेड. आता आषाढात निघालेली दिंडी पाहा. तितकीच माणसे, पण सगळ्यांचे पाऊल टाळाच्या एका ठेक्यावर, तोंड एकाच दिशेला. हा लेझर. मेमनचा लेझर निघाला तेव्हा 'उत्तर तर सापडले, आता याला प्रश्न शोधा' अशी थट्टाही झाली. प्रश्न शोधणाऱ्यांत पुढे होता सिनसिनाटीचा एक त्वचारोगतज्ज्ञ, लिऑन गोल्डमन. त्याने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा किरण त्वचेवर चालवून पाहिला. साहजिकच होते. काळजावर प्रयोग करायला छाती फाडावी लागते, त्वचेवर करायला नुसती बाही वर करावी लागते.

खाजेच्या कामाला लेझर खरा आला तो १९९७ साली, हंगेरीतल्या सेगेड गावी. सेगेड हे लाल मिरचीसाठी नावाजलेले गाव, म्हणजे तिकडचे धर्माबादच. तिथल्या डॉक्टरांनी 'एक्सायमर' नावाचा लेझर सोरायसिसच्या चट्ट्यांवर वापरला. याचा किरण डोळ्यांना न दिसणारा, ३०८ नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा. सोरायसिसमध्ये शरीराच्याच रखवालदार पेशी काही कारण नसताना खवळतात आणि त्वचेला घाई करतात. महिन्याभरात बदलायची कातडी चार-पाच दिवसांत बदलू लागते, म्हणून ते पापुद्रे. हा किरण त्या खवळलेल्या पेशींना गप्प करतो, आणि पडतो तो फक्त चट्ट्यावर. शेजारच्या निरोगी कातडीला धक्का नाही. चट्टे अंगभर असतील तर ३११ नॅनोमीटरच्या नळ्यांची कपाटासारखी पेटी असते, तीत उभे राहायचे. थोड्या चट्ट्यांना लेझर, सगळ्या अंगाला पेटी. सोरायसिसला चालते, कोडाला चालते, काही हट्टी इसबांना चालते.

खरजेला आणि नायट्याला मात्र चालत नाही. हे मला आत्याच्या नातवामुळे नीट कळले. चिरंजीव 'लातूर पॅटर्न'मध्ये डॉक्टर होण्यासाठी दाखल झालेले. एका खोलीत सहा पोरे, दोन पंचे आणि एक आरसा. दोन महिन्यांत बोटांच्या बेचक्यांपासून बेंबीपर्यंत वेगळाच पॅटर्न उमटला. मी भेटायला गेलो तर पोरगा एका हाताने गणित सोडवत होता आणि दुसऱ्याने पोट खाजवत होता.

"कवापासून खाजवलालास रे?" मी विचारले.

"रात्री लई होतंय मामा. पण कुणाला सांगू नका. सरांना कळलं तर रूम सोडा म्हणतील."

त्वचेच्या डॉक्टरांपुढे बसल्यावर मात्र त्याच्यातला फिजिक्सवाला जागा झाला. "सर, लेझर मारता येईल का?"

"बाळा, ही खरूज आहे," डॉक्टर म्हणाले. "लेझर म्हणजे काय फवारणी आहे का? हे मलम मानेपासून पायाच्या नखापर्यंत लाव, रात्रभर ठेव. आठवड्यानं परत एकदा. आणि तू एकट्यानं नाही, खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री. चादरी, कपडे गरम पाण्यात."

पन्नाससाठ रुपयांत भागणारा इलाज. अडला तो हॉस्टेलच्या मालकापाशी. "आमच्याकडं असलं काही नसतंय," ते दारातच उभे राहून म्हणाले. "नावं खराब करू नका." मी पाहिले, बोलताना त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर चालू होता. शेवटी सहा पोरांनी एका शनिवारी रात्री दिवा मालवून, खिडक्या लावून, गुपचूप मलम फासले. मालकांनाही एक ट्यूब दिली, 'भाच्याकडे जास्तीची झाली' असे सांगून. त्यांनी ती मुकाट्याने खिशात घातली.

चरकाच्या दहा वनस्पतींपासून सेगेडच्या किरणापर्यंत इलाज एकेक करून सापडत गेले; पण रोगी तिथपर्यंत पोचायला अजून आत्याइतकाच वेळ लावतो. आत्या गेली १९८८ साली, त्या मनगटापर्यंतच्या बाहीसकट.

तिची मुलगी, आमची ताई, साठीची झाली तेव्हा तिच्याही कोपरांवर ते उमटले. आईवरून मुलीत येते कधीकधी. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये मी तिला घेऊन गेलो. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन महिने, एका वेळी काही सेकंदांचे काम. "हे कायमचं जाईल का?" तिने विचारले. डॉक्टर खरे बोलणारे निघाले. "परत येऊ शकतं. आलं की परत या. पण मधले महिने तुमचे."

त्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पंधरावीस माणसे बसलेली असत, आणि सगळी भिंतीकडे पाहत. कुणी खाजवत नसे. खाजेच्या दवाखान्यात शिस्तीने न खाजवणे ही मोठी तपश्चर्या आहे. एके दिवशी आतून कंपाउंडर ओरडला, "सोरायसिसवाले कोण हायेत? लेझरला या!"

खोली गप्प झाली. एका गृहस्थांनी मोबाइल काढला, एका बाईंनी पदर ओढला, एका तरुणाने कॅलेंडरवरची एकादशी शोधायला घेतली. मी ताईकडे पाहिले.

"मी हाय की," ताई म्हणाली, आणि खुर्चीवरून उठता उठता दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारून आत गेली. तिच्यामागून, एकमेकांकडे न पाहता, आणखी चौघे उठले.